मुंबईची सात मैलापाणी केंद्रं नवी होतायत, पण खाडी सुधारणार का?

खाडीकाठ

मालाड पश्चिमेला खाडीच्या बाजूने येजा करणाऱ्यांना क्रेन आणि पायलिंगची, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब घालणारी, यंत्रं दिसत असतीलच. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात त्यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो आता वास जाणार, दुसरा म्हणतो खारफुटी गेली आणि पैसेही गेले. तिथे नक्की काय बांधतायत याची चौकशी मात्र कुणी करत नाही. म्हणून जमवलेली माहिती इथे टाकतोय, जाणकारांनी भर घालावी.

वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप या सात ठिकाणी नवी केंद्रं उभी राहतायत. 19 जानेवारी 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं, तेव्हा खर्च साधारण 17,200 कोटी सांगितला होता. दिवसाला किती दशलक्ष लिटर, म्हणजे एमएलडी, ते असं: वरळी 500, मालाड 454, धारावी 418, वांद्रे 360, घाटकोपर 337, भांडुप 215, वर्सोवा 180. बेरीज 2,464. कुलाब्याचं 37 एमएलडीचं केंद्र आधीच नवं झालंय, ते यात धरलेलं नाही.

आजवर काय होतं? वरळी आणि वांद्र्याला मैलापाणी जाळीतून गाळायचं, रेती खाली बसवायची आणि बोगद्यातून समुद्रात सोडायचं. मालाडला तेवढंच करून थेट खाडीत. वर्सोवा, घाटकोपर आणि भांडुपला मोठी तळी, त्यांत हवा घुसळणारी यंत्रं आणि मग खाडी. इतक्या मोठ्या शहराच्या बहुतेक मैलापाण्यावर खरी जैविक प्रक्रिया आता पहिल्यांदा होणार आहे.

माझे प्रश्न दोन. जुनं केंद्र चालू ठेवून त्याच जागेत नवं कसं बांधतात? आणि हे सगळं झाल्यावर मालाडची खाडी खरंच सुधारेल का?

वेसावकर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय. आजोबा खाडीत निवट्या, चिंबोऱ्या, कालवं काढायचे. जिताडा मिळायचा. आता ओहोटीला चिखलात पाय घातला की काळं पाणी वर येतं आणि अंगाला खाज सुटते. होडी घेऊन बाहेर गेल्याशिवाय खाण्यालायक काही गावत नाही. आणि दरवेळी कोळ्यांनाच विचारतात, प्लास्टिक कोण टाकतं म्हणून.

जुनापंपवाला

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नोकरी याच कामात गेली. पहिला प्रश्न चांगला आहे, कारण बातम्यांत फक्त कोटी आणि एमएलडी येतात.

मैलापाणी थांबत नाही. रस्ता बंद ठेवून दुरुस्त करता येतो, केंद्र बंद ठेवता येत नाही. पहाटे ओघ कमी असतो आणि सकाळी सात ते दहा त्याचा जोर असतो, तेव्हा पंप अर्धा तास जरी थांबले तरी वरच्या वस्त्यांत मॅनहोल वाहू लागतात. त्यामुळे तळी असलेल्या ठिकाणी एकेक तळं रिकामं करायचं, तोवर त्याचा भार बाकीच्यांवर टाकायचा. रिकाम्या तळ्यात वर्षानुवर्षं बसलेला गाळ असतो. तो उपसून न्यायचा कुठे, यावरच पहिले काही महिने जातात.

मग जमीन. खाडीकाठची माती म्हणजे मऊ चिखल, खडक खूप खाली. म्हणून एवढं पायलिंग. भूजल जवळजवळ पायाशी असतं आणि भरतीला आणखी वर येतं. लोकांना एक गोष्ट सांगितली की खरी वाटत नाही: काँक्रीटची भलीमोठी टाकी रिकामी असेल तर खालच्या पाण्याच्या दाबाने वर उचलली जाते, तडकते. टाकी भरलेली असली की धोका नाही, साफ करायला रिकामी केली की आहे. त्यामुळे तळाचा स्लॅब जाड घेणं, पाइलना बांधून ठेवणं, दाब मोकळा करणाऱ्या झडपा बसवणं हे सगळं करावं लागतं. घाटावरच्या शहरात हा खर्च बराच वाचतो.

वर परवानग्या. खारफुटीला हात लावायचा तर 2018 च्या निकालानुसार मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते, सार्वजनिक कामालासुद्धा. मधल्या काळात निकषही बदलले. केंद्र सरकारच्या 2017 च्या अधिसूचनेत महानगरांसाठी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी लिटरला 20 मिलिग्रॅम होता, 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तो 10 वर आणला. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जेवढा प्राणवायू खाते तो आकडा. 20 साठी आखलेलं केंद्र 10 देत नाही. टाक्या मोठ्या लागतात, हवा जास्त लागते, शेवटी गाळणी लागते. आराखडेच नव्याने करावे लागतात.

कोरडा_हिशेब

वेसावकरांचं दुःख मान्य, पण मला एक कळत नाही. वरळी, वांद्र्याचे बोगदे समुद्रात तीन-साडेतीन किलोमीटर आत जातात ना? अरबी समुद्र केवढा! तिथे मैलापाणी विरळ होऊन जातं. मग तिथे हजारो कोटी कशाला? तोच पैसा पाणीपुरवठ्यात घाला.

जुनापंपवाला

तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही, म्हणून थोडं सविस्तर. वरळीचा बोगदा 3.4 किलोमीटर, वांद्र्याचा 3.7. टोकाला अनेक तोंडं असतात, त्यांतून पाणी फवाऱ्यासारखं सुटतं आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहात मिसळतं. त्या काळात, त्या पैशांत तो निर्णय योग्य होता असं मी आजही म्हणेन. काठावर सोडण्यापेक्षा कितीतरी बरा.

पण विरळ होणं वेगळं आणि नाहीसं होणं वेगळं. पुस्तकी आकडा घ्या: आपल्याकडच्या कच्च्या मैलापाण्याचा बीओडी साधारण 200 धरतात. 2,464 एमएलडी गुणिले 200 म्हणजे रोज जवळजवळ 490 टन. नवी केंद्रं 10 देणार असतील तर तेच 25 टनांवर येतं. पुढचं समुद्रावर सोडा, हरकत नाही.

मात्र क्रम ठरवायचं माझ्या हातात असतं तर मालाड, वर्सोवा, भांडुप, घाटकोपर आधी आणि वरळी-वांद्रे शेवटी केलं असतं. खाडीला बोगदा नाही. भरती आली की सोडलेलं पाणी परत आत येतं, अरुंद तोंडातून बाहेर जायला कितीतरी फेऱ्या लागतात.

सूक्ष्मदर्शिका

आत काय होतं ते मी लिहिते, कॉलेजात शिकवते हे.

जाळी आणि रेतीची टाकी यांतून पाणी काही मिनिटांत पुढे जातं. तिथे चिंध्या, प्लास्टिक, रेती अडकते. विरघळलेली घाण जशीच्या तशी राहते. ती खायला जिवाणू लागतात, जिवाणूंना प्राणवायू आणि वेळ लागतो. मिनिटांचं काम तासांवर जातं, म्हणूनच टाक्यांचा आकार एवढा. मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी 1914 मध्ये दाखवलं की तळाशी बसलेला जिवाणूंचा गाळ फेकून न देता पुन्हा टाकीत घेतला तर काम कित्येक पटींनी लवकर होतं. घरी विरजण राखून ठेवतो तसंच. ज्या फाउलरच्या हाताखाली हे काम झालं तो पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होता, ही माझी आवडती माहिती.

नवं केंद्र सुरू करतानाही तेच. चालू केंद्रातून गाळाचे टँकर आणून टाकीत ओततात आणि वसाहत वाढेपर्यंत काही आठवडे ओघ हळूहळू वाढवतात. उद्घाटनाची फीत कापली त्या दिवशी पाणी स्वच्छ निघतंय अशी बातमी वाचली तर विश्वास ठेवू नका.

वेसावकरदादा, तुमच्या चिंबोरीला बीओडीइतकाच अमोनिया मारतो. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे असतात. ते फार संथ वाढतात आणि थोडंही बिनसलं तर आधी तेच मरतात. एक किलो अमोनिया-नायट्रोजनमागे साडेचार किलोच्या वर प्राणवायू लागतो. नंतर हवा नसलेल्या टाकीत त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. हा टप्पा नीट चालला तर खाडीला फरक जाणवेल. विजेचं बिल वाचवायला हवा कमी केली तर पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसेल आणि अमोनिया तसाच जाईल.

कोरडा_हिशेब

विजेचा विषय काढलातच म्हणून. किती?

सूक्ष्मदर्शिका

एक हजार लिटरला 0.4 युनिट धरलं, आणि या दर्जाच्या पाण्यासाठी ते जास्त नाही, तर सातही केंद्रं पूर्ण भरून चालली की रोजचे दहा लाख युनिट. त्यातली निम्मी किंवा जास्त फक्त हवा फुंकायला. काही भाग गाळातल्या गॅसवर परत मिळवता येतो.

फोर्टातला

गॅसवरून आठवलं. माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात 1897 च्या सुमारास मैल्यापासून गॅस काढून वापरत होते. या विषयावरच्या जगभरच्या इतिहासात ते उदाहरण येतं. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत झालेली गोष्ट आपण आता परदेशी तंत्रज्ञान म्हणून विकत घेतो.

(अवांतर आहे, चालू द्या.)

खाडीकाठ

अवांतर कसलं, असंच येऊ दे. पंपवाले काका, गाळाचं काय? ते कुणीच बोलत नाही.

जुनापंपवाला

कारण ते कुणालाच नको असतं. पाणी स्वच्छ केलं म्हणजे घाण गाळात गोळा केली. हजार लिटरमागे साधारण पाव किलोपर्यंत सुका गाळ धरतात. यंत्राने पिळूनसुद्धा त्यात तीन चतुर्थांशाच्या वर पाणीच असतं. मोघम हिशेबाने सगळी केंद्रं मिळून रोज दोन हजार टनांच्या घरात ओला गाळ. दहा टनी ट्रक धरले तर दोनशे फेऱ्या. मालाडच्या लिंक रोडवर सकाळी उभं राहून कल्पना करा.

तो नीट कुजवून, वाळवून शेतीला देता येतो, पण त्यात लहान कारखान्यांचं क्रोमियम, जस्त आलं की कुठला शेतकरी घेईल? भट्टीत जाळायचा तर आधी वाळवायला हवा आणि पावसाळ्यात इथे हवेतच एवढा ओलावा की उन्हावर वाळवायचा प्रश्न येत नाही. चार महिन्यांत सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मी तर म्हणेन केंद्र बघायला जाल तेव्हा पाण्याची बाटली दाखवतील ती बघू नका, मागच्या बाजूला गाळाची शेड बघा. ती तुंबलेली असेल तर गाळ टाकीतच साठतोय आणि आज ना उद्या पाण्यासोबत बाहेर पडणार.

पाणपक्षी

एक वेगळाच मुद्दा. ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली ती मुख्यतः पक्ष्यांमुळे. रोहित पक्षी तिथे हजारोंनी येतात, चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खातात. त्या शेवाळाला खत मिळतं ते मैलापाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसचं, असं पक्षी अभ्यासकांत बोललं जातं. भांडुप-घाटकोपरचं पाणी एकदम सुधारलं तर रोहितांचं ताट रिकामं होईल का?

याचा अर्थ खाडी घाण ठेवा असा कुणी काढू नये. पण केंद्र सुरू होण्याआधीची आणि नंतरची चिखलाची, शेवाळाची, पक्ष्यांची मोजणी एकत्र ठेवली पाहिजे. सुरू झाल्यावर जाग आली तर तुलना कशाशी करणार?

कोरडा_हिशेब

म्हणजे वेसाव्याच्या चिंबोरीसाठी पाणी स्वच्छ हवं आणि ठाण्याच्या रोहितासाठी घाण हवं. धन्य.

वेसावकर

हसा. रोहित बघायला बोटीची तिकिटं निघतात, चिंबोरीला कोण विचारतो.

नालासोबती

मी उशिरा आलो. मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न सगळे टाळतायत, म्हणून सरळ लिहितो. केंद्रापर्यंत जे पोचतं तेच केंद्र स्वच्छ करतं. मुंबईत मैल्याची आणि पावसाची वाहिनी वेगळी आहे, निदान नकाशावर. प्रत्यक्षात वस्त्यांची सार्वजनिक शौचालयं, गोठे, धोबीघाट, छोटे कारखाने, आणि होय, बऱ्याच पक्क्या इमारतीसुद्धा पावसाच्या नाल्यात सोडतात. हा नाला केंद्राला वळसा घालून खाडीत जातो. मे महिन्यात पाऊस नसताना नाल्यात जे पाणी वाहतं ते कुठून आलं?

मिठी नदीवर यासाठी काम आहे. बापट नाला आणि सफेद पूल नाला यांचं कोरड्या दिवसांतलं 168 एमएलडी पाणी बोगद्यातून धारावीच्या केंद्राकडे न्यायचं. मला हे पटतं, पण ही मलमपट्टी आहे. पहिला मोठा पाऊस आला की अडवलेलं पाणी पुन्हा नाल्यातूनच जाणार, कारण तेवढा पूर कुठलंच केंद्र घेऊ शकत नाही. खरा इलाज गल्लीगल्लीत वाहिन्या टाकणं. ते कुणाला दिसत नाही, खणल्याबद्दल शिव्या मिळतात आणि भूमिपूजनाला मंडप टाकण्याइतकी जागाही नसते.

मालाडचं केंद्र उत्तम चाललं आणि नाले तसेच राहिले तर खाडी अर्धवट सुधारेल. केंद्राच्या तोंडापाशी बरी, नाल्यांच्या तोंडापाशी तशीच.

जुनापंपवाला

सोबती बरोबर बोलतायत. उलटा त्रासही आहे: नको ते पाणी केंद्रात येतं. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबलं की लोक मैल्याच्या वाहिनीचं झाकण उघडतात, ओघ दुप्पट-तिप्पट होतो आणि टाकीतली जिवाणूंची वसाहत वाहून जाते. माणसं त्यात पडून जीव गेलेत ते वेगळंच.

दुसरं समुद्राचं पाणी. किनाऱ्यालगतच्या जुन्या वाहिन्या भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, त्यांच्या सांध्यांतून खारं पाणी झिरपतं. पंपाचं बिल वाढतं, जिवाणूंना मीठ कमीजास्त झालेलं सोसत नाही, आणि शुद्ध केलेलं पाणी खारट राहतं. आता सगळे पुनर्वापराच्या गप्पा मारतात. चेंबूरची आरसीएफ ही खत कंपनी बऱ्याच वर्षांपासून शहराचं मैलापाणी शुद्ध करून कारखान्यात वापरते, तेव्हा होत नाही असं नाही. पण खारट पाणी बॉयलरला चालत नाही, बागेला चालत नाही. क्षार काढायला पुन्हा वेगळी यंत्रणा, पुन्हा वीज. आधी सांधे बुजवा, ते स्वस्त पडतं.

दर्याचो झील

माका एक सांगा, ह्या सगळा मुंबैचा झाला. आमच्या हयसर गटारच नाय तर प्लांट खयसून येतलो? घराघरात सेप्टिक टाकी, धा-पंधरा पावलांवर बावडी, मधी जांभो दगड. मे म्हयन्यात चाकरमानी इले की टाकी भरान व्हावता. टँकर बोलावलो तर तो उपसून खंय नेऊन वतता ता देवाक म्हायत. किनाऱ्यार रिसॉर्टां वाढतत तां वेगळाच.

सूक्ष्मदर्शिका

तुमचा प्रश्न इथल्या अर्ध्या लोकांच्या गावचा आहे. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, पाणी गाळलं न जाता सरळ पुढे सरकतं, म्हणून शोषखड्डा आणि विहीर यांतलं अंतर आमच्या पुस्तकातल्या मातीपेक्षा जास्तच हवं. विहिरीच्या पाण्याची जिवाणू तपासणी पावसाळा सुरू झाल्यावर करा, उन्हाळ्यात केलीत तर खोटा दिलासा मिळेल.

छोट्या गावाला मुंबईसारखी भूमिगत वाहिनी परवडत नाही, गरजही नाही. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी ठरावीक वर्षांनी प्रत्येक घराची टाकी पाळीपाळीने उपसायची आणि तो गाळ प्रक्रिया केंद्रातच न्यायचा अशी पद्धत बसवली. टँकरवाल्याला पैसे फेऱ्यांवर न देता केंद्रात गाळ उतरवल्यावर मिळतात, म्हणून तो वाटेत ओतत नाही. वेंगुर्ल्याने कचऱ्याचं करून दाखवलं, हेही जमेल.

दर्याचो झील

ह्या नगरसेवकाक वाचून दाखवतंय. वायचो दाखलो दिलो तर तो आयकतलो, मुंबैचो दिलो तर पैसे नाय म्हणतलो.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. सोसायटीतले दोन्ही तट आता माझ्यावर भडकणार, कारण वास कमी होईल आणि खाडी अर्धीच सुधारेल असं सांगावं लागणार. मुदत 2026 पासून 2028 पर्यंत टप्प्याटप्प्याने आहे. तोवर आम्ही रहिवाशांनी माहिती अधिकारात नेमकं काय मागायचं?

जुनापंपवाला

बीओडीची मासिक सरासरी मागू नका, ती नेहमी चांगलीच दिसते. बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या अमोनियाचे रोजचे आकडे मागा, पावसाळ्याचे वेगळे. आत आलेलं पाणी किती आणि प्रक्रिया न करता बाजूने सोडलेलं किती, याची नोंद मागा. गाळ रोज किती टन निघाला आणि कुठे गेला ते मागा. पाणी भरपूर आणि गाळ नगण्य असेल तर काहीतरी लपतंय. बांधणाऱ्यानेच पंधरा वर्षं चालवायचं अशी कंत्राटं आहेत, त्यामुळे दंड कुठल्या आकड्यावर बसतो ते कलमही मागून घ्या.

नालासोबती

आणि तुमच्या प्रभागातल्या किती इमारती अजून पावसाच्या नाल्याला जोडलेल्या आहेत, ती यादी. त्यात आपलीच सोसायटी निघाली तर इथे कळवा.

वेसावकर

खाडीच्या पाण्याचे नमुने मी भरून देईन, केंद्र सुरू होण्याआधीचे. पाणपक्षी म्हणतात तसे. होडी आहे, ओहोटीची वेळ आम्हाला पाठ आहे. बाटली कसली लागते?

सूक्ष्मदर्शिका

जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली, ती मी देते. तोंड प्रवाह येतो त्या बाजूला करून पाण्याखाली उघडायची, काठोकाठ भरायची नाही, लगेच बर्फात. सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. अमोनियासाठी वेगळी प्लास्टिकची बाटली, त्यात आम्ल घालून देईन, हाताला लावू नका. प्रत्येक बाटलीवर जागा, वेळ आणि भरती की ओहोटी ते लिहा. नाल्याच्या तोंडाशी एक, केंद्राच्या तोंडाशी एक आणि खाडीच्या मुखाशी एक. बाकीचं व्यक्तिगत निरोपात कळवते.